तीन शीटांची तोफ

सहलीला गेलात आणि समुद्रकाठच्या कुठल्याशा संग्रहालयातून मला एका तोफेचा फोटो पाठवलात. दोन नळ्या आभाळाकडे, खाली चाकंच चाकं, आणि शेजारी तुम्ही दोघं जीभ बाहेर काढून उभे. मी उत्तर लिहिलं, "हिला मी ओळखते. दुसऱ्या महायुद्धातली, जर्मन नौदलाची, विमानं पाडायची तोफ. सदतीस मिलिमीटर." लगेच तुमचा मेसेज आला, "आजी, हाउ???" एका प्रश्नाला एक प्रश्नचिन्ह पुरतं. पण प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१९९० सालचा डिसेंबर. आम्ही बहारीनला झिंजमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. तुमची आई तेव्हा अकरा वर्षांची होती. ऑगस्टमध्ये कुवेतवर सैन्य चालून गेलं होतं आणि आता युद्ध होणार हे सगळे धरून चालले होते, फक्त कधी ते माहीत नव्हतं. लोकांनी खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. बंदरात इतकी लढाऊ जहाजं येऊन राहिली होती की मनामाच्या बाजारात गोरे खलाशी घोळक्यानं फिरताना दिसत. पोलीस रस्त्यात कुठंही गाडी थांबवून डिकी उघडायला लावत. कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नसे.

तुमचे आजोबा एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात ड्राफ्ट्समन होते. पाइप, व्हॉल्व्ह, क्रेनचे सुटे भाग, जे दुरुस्त करायचं त्याचं मापात ड्रॉइंग काढायचं हे त्यांचं काम. सगळं हातानं, उभ्या बोर्डावर. मी मनामातल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंगचं रजिस्टर सांभाळत असे. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिला टायटल ब्लॉक म्हणतात. वस्तूचं नाव, तारीख, स्केल, कोणी काढलं, कोणी तपासलं, एकूण किती शीट आणि त्यातली ही कितवी, असे रकाने असतात. एकही रकाना रिकामा दिसला की मी ड्रॉइंग परत पाठवायची. आमचे इंजिनियर त्यासाठी मला घाबरत, आणि मला त्याचा अभिमान होता. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं या अभिमानातून झालं.

आजोबांच्या यार्डात एक वयस्कर जर्मन साहेब होते, क्रेनची तपासणी करणारे. उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे. दुपारी ते आजोबांच्या टेबलाशी येऊन डब्यातलं थालीपीठ मागून घेत. एका शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले. तेव्हा त्यांनी सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी ते लढाऊ जहाजावर होते आणि तो कान तिथल्या तोफेनं घेतला.

"तुम्ही तोफ डागत होता?" तुमच्या आईनं इंग्रजीत विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं," साहेब म्हणाले. "माझ्या मुलीलासुद्धा. मी एकही गोळा उडवला नाही. मी एक चाक फिरवत होतो."

जहाज लाटेवर डावी-उजवीकडे झुकतं, तरी ती तोफ सरळ राहावी अशी तिची बैठक बनवलेली होती. त्यासाठी आत भोवऱ्यासारखं फिरणारं यंत्र होतं. पण त्यात खारं पाणी शिरून ते बंद पडायचं. मग एका माणसानं चाक फिरवून तोफ समतोल ठेवायची. "समुद्र सपाट आहे असं तोफेला वाटत राहिलं पाहिजे," साहेब म्हणाले, "एवढंच माझं काम." जानेवारीत ते निवृत्त होऊन घरी जाणार होते. मुलीला ते चाक दाखवावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांच्याकडे पत्त्याएवढा एक धूसर फोटो होता, पण त्यात चाक दिसतच नव्हतं.

आजोबांना असं काही सांगितलं की ते रात्री जेवताना ताटात बोटानं रेघा ओढायचे. "काढून देतो," ते म्हणाले.

तीन शीट करायच्या ठरल्या. पहिलीवर सबंध तोफ, दुसरीवर बैठक आणि चाकं, तिसरीवर गोळा भरायची जागा. यार्डानं नुकताच टायटल ब्लॉकचा नमुना बदलला होता. जुना नमुना छापलेले ट्रेसिंग पेपर कचऱ्यात जाणार होते, त्यातले तीन आजोबांनी गुंडाळून घरी आणले. दर दोन-चार दिवसांनी साहेब यार्डात डोळे मिटून मापं आठवायचे, आणि आजोबा संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर ती कागदावर आणायचे. साहेब नाताळच्या रजेवर गेले तोवर पहिली शीट पुरी झाली होती. ते जाताना फोटोही बरोबर घेऊन गेले.

ड्रॉइंग सुंदर झालं होतं. फक्त कोपऱ्यातली चौकट कोरी होती.

"मला द्या," मी म्हटलं. माझं इंग्रजी लेटरिंग आजोबांपेक्षा चांगलं होतं. शाळेतल्या नन्सनी ते छडी मारून बसवलं होतं. मी शाईचं पेन घेतलं आणि लिहिलं: नौदलाची विमानविरोधी तोफ, सदतीस मिलिमीटर, जोडनळी. त्या दिवसाची तारीख. काढणार म्हणून आजोबांची आद्याक्षरं. शीट एक, तीनपैकी. मग दुसरी आणि तिसरी शीटही पुढ्यात ओढली.

"अगं, त्यांच्यावर अजून एक रेघ नाही."

"मग काय झालं? नंतर लिहिलं की शाई वेगळी दिसते."

"आणि हे तपासणाऱ्याचं कशाला? ते राहू दे. आपल्याकडे कोण तपासायला बसलंय?"

"रिकामं बरं दिसत नाही," मी म्हटलं, आणि तिन्ही शीटवर माझी आद्याक्षरं घातली. आजोबांनी कपाळाला हात लावला आणि चहा मागितला.

पहिल्या शीटच्या दोन प्रती काढायला मी बुधवारी मनामाच्या बाजारातल्या प्रिंटच्या दुकानात गेले. आमच्या ऑफिसची ड्रॉइंगं तिथंच जात. दुकानदार केरळचा, माझ्याशी हिंदीत बोलायचा. त्यानं शीट उलगडली. एरवी तो "एक घंटा मॅडम" म्हणून पावती फाडायचा. त्या दिवशी त्यानं शीट परत गुंडाळली आणि विचारलं, "ये आपके ऑफिस का है?"

"नाही, घरचं आहे. मिस्टरांचं."

"मिस्टर किधर काम करता?"

मी यार्डाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, मशीन बंद आहे, शीट ठेवून जा, शनिवारी या. मशीन चालू होतं. प्रिंट निघताना येतो तो अमोनियाचा वास दुकानभर पसरला होता. हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. त्याला दोष देत नाही. त्याचीही बायकापोरं होती, त्याचाही व्हिसा होता.

शनिवारी सकाळी दहाला ऑफिसात फोन आला. यार्डाचा टाइमकीपर होता. "भाभीजी, आपके साहब को गेट पे से पुलिस ले गया. कोई ड्रॉइंग का चक्कर है. आप घबराना मत." मी घाबरले. रजिस्टर बंद केलं, कपाटाला कुलूप लावलं, बॉसला सांगितलं की पोट दुखतंय, आणि घरी आले.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याचे एक गृहस्थ राहत, बँकेत अकाउंटंट होते. त्यांना कामापुरतं अरबी येत होतं. ते ठाण्यावर गेले आणि दुपारी चारला परत आले. तुमच्या आईला त्यांच्या बायकोकडे पाठवून आम्ही दार लावून बसलो.

"मारहाण वगैरे काही नाही," ते म्हणाले. "खुर्चीवर बसवलंय, चहा दिलाय. पण सोडत नाहीत. अधिकारी दोनच गोष्टी विचारतोय. शीट एक, तीनपैकी, असं लिहिलंय, मग बाकीच्या दोन कुठं आहेत? आणि तपासणारा कोण?"

"ते काय म्हणाले?"

"दुसरी-तिसरी नाहीतच म्हणाले. आणि तपासणारा कोणी नाही, उगाच लिहिलंय."

माझी नजर कपाटावरच्या गुंडाळीकडे गेली.

"वहिनी, अक्षर दोन माणसांचं आहे हे त्याला दिसतंय. मापं एका हाताची, खालची चौकट दुसऱ्याच हाताची. त्याचं म्हणणं, एक माणूस आत आहे, एक बाहेर आहे, आणि तोफेचा दोन तृतीयांश भाग कुठंतरी फिरतोय. यार्डाच्या छापील कागदावर! बाहेर युद्ध उभं आहे, आणि हे..." त्यांनी आवाज खाली आणला. "जर्मन साहेबाचं सांगून झालं. तो देशाबाहेर आहे म्हटल्यावर ते आणखीच वाईट दिसलं. उद्या दुपारपर्यंत उत्तर नाही मिळालं तर तो यार्डाला लेखी कळवणार. मग व्हिसा कॅन्सल. पहिल्या विमानानं परत, तेही नशीब असेल तर."

आजोबा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. भारतात हातानं ड्रॉइंग काढणाऱ्यांना कमी करून कॉम्प्युटर आणायला सुरुवात झाली होती. परत गेलो असतो तर त्यांना त्या वयात कुणी बोर्डाशी उभं केलं नसतं. हे ते कधी बोलले नव्हते, मला ठाऊक होतं.

"घरात आहेत का त्या शीट?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"आहेत. कोऱ्या. फक्त चौकट भरलेली."

"भरलेली म्हणजे?"

"तारीख, नाव, सगळं. तपासल्याची आद्याक्षरंही. ती माझी आहेत."

ते उठून म्हणाले, "जाळून टाका. आत्ता. गॅसवर. ते नाहीत म्हणालेत ना? मग नाहीतच."

ते गेल्यावर मी कपाटावरून गुंडाळी काढली. दोन्ही शीट टेबलावर पसरल्या. मधे नुसता पांढुरका कागद आणि कोपऱ्यात माझं सुंदर अक्षर: शीट दोन, तीनपैकी. शीट तीन, तीनपैकी. मी गॅस पेटवला. शेजाऱ्यांचं चुकीचं नव्हतं. मी या घेऊन गेले, तर नवरा खोटं बोलला हे बायकोनंच सिद्ध केलं असं होणार. आणि तपासणारी म्हणून मला आत बसवलं, तर तुमच्या आईजवळ कोण?

पण रजिस्टरवर मी नऊ वर्षं काढली होती. मला एक गोष्ट पक्की माहीत होती. ज्या शीटचा नंबर आहे आणि शीट नाही, तिचा शोध कधी थांबत नाही. चुकीची शीट सापडली तर लोक चिडतात, पण शोधायचं थांबतात. मी गॅस बंद केला. ट्रेसिंग पेपरचा एक कोपरा तेवढ्यात उष्णतेनं वळला होता. तो मी इस्त्रीनं सरळ करायला गेले आणि मग तसाच ठेवला.

रविवारी सकाळी शाळेचा डबा दिला, फिकट रंगाची कॉटनची साडी नेसले आणि टॅक्सीनं ठाण्यावर गेले. बरोबर गुंडाळी आणि माझी घरची वही घेतली होती. त्या वहीत गॅस सिलिंडर आणि तुमच्या आईच्या लसीच्या तारखा त्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या. बाकावर दीड तास बसवलं. मग आत बोलावलं.

अधिकारी तरुण होता, पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा गणवेश, स्वच्छ इंग्रजी. टेबलावर आमची पहिली शीट होती, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवलेली.

"तपासणारी मी आहे," मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर धीर सुटला असता.

त्यानं माझ्या हातातली गुंडाळी बघितली. "आणि ते?"

"शीट दोन आणि तीन."

तो खुर्चीवरून उठला. "काल दिवसभर तुमचा नवरा मला सांगत होता, नाहीत म्हणून! दहा वेळा विचारलं. दहा वेळा!" त्यानं दारातल्या शिपायाला अरबीत काहीतरी सांगितलं. शिपाई धावत गेला. तेव्हा वाटलं की जाळायलाच हवं होतं.

त्यानं गुंडाळी सोडली. दुसरी शीट उलगडली, वरून खाली पाहिली, उलटी केली, उजेडावर धरली. तिसरीचंही तेच. मग दोन्ही खाली ठेवल्या.

"यावर काय आहे?"

"काही नाही. अजून काढायचं होतं."

"आणि तुम्ही तपासलंत." त्यानं माझ्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं.

"हो."

"काय तपासलंत?"

या प्रश्नाला आजवर मला बरं उत्तर सुचलेलं नाही. तेव्हा खरं तेच बोलले. "रकाना रिकामा होता. आमच्या ऑफिसात रिकामा चालत नाही."

"या पहिल्या शीटवरचा हा भाग काय आहे, सांगू शकाल?"

"नाही."

"हा?"

"नळी असावी."

"असावी!" तो म्हणाला.

मी वही पुढे केली. त्यानं पानं उलटली, सिलिंडरच्या तारखा पाहिल्या, मग मला एका कोऱ्या कागदावर इंग्रजी मुळाक्षरं लिहायला लावली. अक्षर तेच आलं. नन्सची कृपा.

तेवढ्यात आजोबांना आणलं. दाढी वाढलेली, शर्टाची बाही चुरगाळलेली. त्यांनी मला पाहिलं, मग टेबलावर तीन शीट ओळीनं मांडलेल्या पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली.

"तू कशाला आलीस?" ते मराठीत म्हणाले. एवढंच.

"इंग्लिश, प्लीज," अधिकारी म्हणाला. "तुम्ही म्हणालात, दुसरी आणि तिसरी शीट नाही. ही काय आहे?"

आजोबा टेबलाशी गेले. बोर्डापाशी उभे राहत तसे, किंचित वाकून. "सर, याच्यावर ड्रॉइंग कुठं आहे? रेघ नाही तोवर ती शीट नसते. हा कागद आहे. मी खोटं बोललो नाही."

"आणि तपासणारा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तिथं खोटं बोललो. ती माझी मिसेस आहे."

अधिकाऱ्यानं फोन फिरवला. आम्हाला बसायला सांगितलं नाही, म्हणून आम्ही उभेच होतो. दहा-पंधरा मिनिटांनी सैन्याच्या गणवेशातले एक गृहस्थ आले, पिकल्या दाढीचे. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्यांनी पहिली शीट पाहिली, खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिली, आणि अरबीत एक प्रश्न विचारला.

"यात गोळे कसे भरतात, विचारतात," अधिकारी म्हणाला.

"हातानं," आजोबा म्हणाले. "प्रत्येक नळीत एक-एक. एक उडाला की दुसरा घालायचा. साहेबांनी मला तसंच सांगितलं."

दाढीवाल्यांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच आजोबांकडे पाहिलं. मग अधिकाऱ्याला काही सांगितलं, मनगट हलवून, विमान जातं तसं. अधिकाऱ्याच्या ओठांचा कोपरा वळला, पण त्यानं तो आवरला.

"म्हणतात, आज कुणी ही तोफ बनवली तर विमान जाऊन घरी उतरेल, पायलट जेवायला बसेल, आणि हा इथं गोळाच भरत असेल."

आम्ही हसलो नाही. हसायचं की नाही हे कळत नव्हतं.

दाढीवाले शीट अंगठ्यानं चाचपत आणखी काही बोलले आणि निघून गेले. अधिकारी बसला, त्यानं एक फॉर्म ओढला आणि बराच वेळ लिहीत राहिला. त्या लिहिण्याच्या आवाजाइतका लांब आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. शेवटी तो म्हणाला, "तिन्ही शीट इथं राहतील. युद्ध संपेपर्यंत तुम्ही घरी पाइपसुद्धा काढायचा नाही. समजलं?"

"येस सर."

"यार्डाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण आमचं सगळं त्या एका शब्दात होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या नवऱ्याला एका चौकशीसाठी बोलावलं होतं. चौकशी झाली. यार्डाला मी इतकंच सांगणार." त्यानं पेनाचं टोपण लावलं. "खलास. यल्ला, जा."

टॅक्सीत आजोबा खिडकीबाहेर बघत होते. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. झिंजच्या सिग्नलला ते म्हणाले, "मला वाटलं तू जाळल्या असशील. रात्रभर तेच म्हणत होतो, जाळू दे, जाळू दे." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि साहेबांना काय सांगू? चाक तर राहूनच गेलं." जर्मन साहेब पुढं परत आलेच नाहीत. युद्ध लागलं आणि त्यांचं सामान यार्डानं बोटीनं पाठवून दिलं.

घरी आलो तेव्हा तुमची आई शाळेतून येऊन समोरच्यांच्या दारात उभी होती. गणवेशातच, दप्तर पाठीवर तसंच. तिनं आजोबांच्या दाढीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इंग्रजीत विचारलं, "आपण परत जातोय का?"

आजोबांनी चपला काढल्या, जोडीनं लावल्या. "नाही," ते म्हणाले. "उद्या मला मॉर्निंग शिफ्ट आहे. डबा साडेपाचला लागेल." मग पंख्याखाली जमिनीवर आडवे झाले आणि शर्ट न बदलताच झोपी गेले. मी त्यांच्या अंगावरून ओलांडून आत गेले आणि कणीक भिजवायला घेतली.